उकिडवं बस, आता उभा राहा

हृदयाला प्रश्न विचारता येतो आणि ते तिथल्या तिथे उत्तर देतं! हे कळल्यापासून मी भेटेल त्याला सांगत सुटले आहे. गाडीवरच्या ड्रायव्हरकाकांना सांगून झालं, अंगणवाडीताईंना सांगून झालं, घरी आईला सांगून झालं, आता तुम्हाला सांगते. मुलाच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवायचा, त्याला उकिडवं बसवायचं आणि ऐकायचं. मग ‘उभा राहा’ म्हणायचं आणि कान न काढता ऐकत राहायचं. काही ठोक्यांच्या आत आवाज बदलतो. कुठे वाढतो, कुठे बसतो, कुठे पार नाहीसा होतो. त्या बदलावरून आतली भिंत जाड आहे, झडप अरुंद आहे की सगळं ठणठणीत आहे, याचा अंदाज बांधता येतो. सुई नको, वीज नको, फक्त पुरेशी शांतता हवी.

मी बीएएमएस. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी पथकात वैद्यकीय अधिकारी म्हणून नवीनच रुजू झाले. हा कार्यक्रम देशभर चालतो, पण त्याची सुरुवात २०१३च्या फेब्रुवारीत आपल्या पालघरमधून झाली; पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. पथकात दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता, एक परिचारिका आणि एक गाडी. अंगणवाड्या वर्षातून दोनदा, शाळा एकदा. वजन, उंची, डोळे, दात, कान, कातडी, आणि छाती. छातीला मी स्टेथोस्कोप लावत होतेच की! लब-डब ऐकायचे, मधेच काही फुस्स ऐकू आलं तर कार्डावर ‘मर्मर’ लिहून जिल्ह्याला पाठवायचे. मर्मर आहे किंवा नाही, एवढेच दोन रकाने माझ्या डोक्यात होते. त्या एका ‘आहे’च्या पोटात केवढं जग दडलंय, ते जिल्हा रुग्णालयातल्या टूडी इको शिबिरात कळलं.

आधी मर्मर म्हणजे काय ते सांगायला हवं. लब आणि डब हे झडपा मिटण्याचे आवाज. रक्त स्वतः वाहताना आवाज करत नाही, गुमान जातं. पण वाट अरुंद झाली, झडप गळू लागली किंवा नको तिथे भोक राहिलं, की प्रवाह विस्कटतो, भोवरे उठतात आणि आवाज होतो. अंगणात झाडांना पाणी घालताना पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबला की कसं सुर्रकन वाजतं, तसं. तो आवाज लब आणि डबच्या मधे आहे की डबनंतर, चढत जातो की उतरत, छातीवर कुठे सगळ्यात मोठा ऐकू येतो, तिथून मानेकडे पसरतो की काखेकडे, हे सगळं धरून डॉक्टर आतला नकाशा काढतात. फ्रान्सच्या रने लेनेक यांनी १८१६ साली पॅरिसमध्ये कागदाची सुरळी करून एका रुग्णाच्या छातीला लावली, तेव्हापासून हे चालू आहे. आवाजाची ताकद मोजायची सहा पायऱ्यांची पट्टी अमेरिकेतल्या सॅम्युअल लिव्हाइन यांनी १९३३ साली दिली. आजही केसपेपरवर तीच लिहितात. सहाव्या पायरीचा मर्मर स्टेथोस्कोप छातीपासून किंचित उचलला तरी ऐकू येतो.

त्या शिबिराला मुंबईहून एक बालहृदयरोगतज्ज्ञ मॅडम आल्या होत्या. आमच्याच पथकाने पाठवलेला आश्रमशाळेतला एक मुलगा रांगेत होता. नववीत, अंगाने काटक, कबड्डीत चढाईला जाणारा. धावल्यावर कधीकधी डोळ्यांपुढे अंधारी येते, एवढीच तक्रार. छातीच्या मधल्या हाडाच्या डाव्या कडेला हलकासा मर्मर, दुसऱ्या-तिसऱ्या पायरीचा. मॅडमनी माझ्या कानांत स्टेथोस्कोप अडकवला, त्याचं तोंड नेमक्या जागी धरलं आणि मुलाला म्हणाल्या, “बाळा, उकिडवं बस बरं.” तो झटकन बसला. आपल्याकडच्या मुलांना हे शिकवावं लागत नाही. मी ऐकत होते. आवाज मावळत मावळत इतका बारीक झाला, की आहे की नाही असं वाटावं. “डॉक्टर, कान काढू नका हं. आता उभा राहा रे.” तो उभा राहिला, आणि पहिल्या काही ठोक्यांतच तो आवाज असा काही उसळून वर आला! खरखरीत, भरदार, मघाचा तो हाच का असा प्रश्न पडावा. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मी म्हटलं, “मॅडम, परत एकदा?” त्याला पुन्हा बसवलं, पुन्हा उभं केलं. पुन्हा तसंच. मॅडमनी इकोचं मशीन सुरू करायच्या आधीच सांगितलं, “मधली भिंत जाड निघणार.” आणि निघाली. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधली भिंत, जी सेंटिमीटरभरही नको, ती त्याच्या दुपटीहून जाड होती.

आता यातली गंमत बघा. उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं, हृदयाकडे परतणारं रक्त थोडा वेळ घटतं, डावा कप्पा नेहमीपेक्षा कमी भरतो. मधली भिंत जाड असेल तर या कमी भरलेल्या कप्प्यात, ती भिंत आणि समोरच्या मायट्रल झडपेची पाकळी यांच्यात जागाच उरत नाही. ठोका पडतो, रक्त बाहेर धावतं, पाकळी भिंतीकडे ओढली जाते, वाट आणखी चिंचोळी होते आणि मर्मर वाढतो. उकिडवं बसलं की उलटं होतं. पायांतलं रक्त वर येतं, शरीरातल्या धमन्यांचा विरोध वाढतो, कप्पा टम्म भरतो, भिंत आणि पाकळी एकमेकींपासून दूर जातात, वाट मोकळी होते. आवाज बसतो. महाधमनीची झडपच अरुंद असेल, तर मात्र ती वाट कायमचीच अरुंद. तिथे उभं राहिल्यावर रक्त कमी म्हणून आवाजही कमी. म्हणजे छातीवर जवळपास एकाच जागी ऐकू येणारे दोन मर्मर ‘उभा राहा’ या दोन शब्दांनी दोन दिशांना जातात!

जाड भिंतीच्या या आजाराने पन्नासच्या दशकात भल्याभल्या सर्जनांना कोड्यात टाकलं होतं. लंडनचे रसेल ब्रॉक आणि अमेरिकेतले अँड्र्यू ग्लेन मॉरो यांनी झडपेखाली अडथळा आहे असं समजून हृदय उघडलं, बघतात तो अडथळा नाहीच. मॉरो आणि त्यांचे सहकारी युजीन ब्राउनवाल्ड यांनी १९५९ साली असे रुग्ण नोंदवले. दाबाची मोजणी सांगत होती की अडथळा मोठा आहे, आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर वाट मोकळी. कारण हा अडथळा फक्त धडधडत्या हृदयातच तयार होतो! हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून अंगणात दोन फेऱ्या मारल्या. जो अडथळा थांबलेल्या हृदयात हाताला लागत नाही, तो चालत्या हृदयात कानाला लागतो. १९५८ साली लंडनच्याच डोनाल्ड टीअर यांनी अचानक मृत्यू आलेल्या तरुणांच्या हृदयांचं वर्णन प्रसिद्ध केलं, तेव्हा ती एका बाजूने बेढब जाड झालेली भिंत नीट समोर आली. पुढे मॉरोंनी त्या भिंतीचा जादा स्नायू कापून काढायची शस्त्रक्रिया रुजवली. ती आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. आणि मॉरोंना स्वतःलाही हाच आजार होता.

साधारण पाचशे माणसांत एकाला हा आजार असतो. आईला किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक मुलात उतरायची शक्यता निम्मी. आपल्या उपखंडाशी त्याचा एक वेगळा धागाही जोडलेला आहे. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतले कुमारसामी थंगराज आणि सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवलं, की हृदयाच्या स्नायूतल्या एका प्रथिनाच्या जनुकात पंचवीस अक्षरांचा एक तुकडा गळालेला असतो आणि तो बदल या उपखंडातल्या शंभरातल्या साधारण चौघांमध्ये सापडतो. तो असलेल्या सगळ्यांना आजार होतो असं मुळीच नाही, पण हृदयाच्या स्नायूच्या दुखण्याचा धोका वाढतो. त्या मुलाला औषध सुरू झालंय, स्पर्धेची कबड्डी थांबवलीय, आणि त्याच्या आईवडिलांना आणि बहिणींना इकोसाठी बोलावलंय. आईवडील पाड्यावरून यायला तयार नव्हते, “पोराला बरं नाही तर पोराला तपासा, आम्हाला कशाला?” हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. त्यांना मी जमिनीवर खडूने हृदय काढून समजावलं.

पण उकिडवं बसण्याची गोष्ट इथे संपत नाही. खरी कमाल पुढे आहे! दुसरा एक जन्मजात आजार, फॅलोचा चतुष्क. मार्सेयच्या एतियन-लुई आर्थर फॅलो यांनी १८८८ साली त्याचं सविस्तर वर्णन केलं. खालच्या दोन कप्प्यांमधे भोक, फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद, महाधमनी त्या भोकाच्या माथ्यावर बसलेली आणि उजवा कप्पा जाडावलेला. अशुद्ध रक्त भोकातून थेट अंगभर जातं, ओठ-नखं निळसर होतात. ही मुलं खेळता खेळता मधेच थांबतात आणि आपणहून उकिडवी बसतात. कुणी सांगितलेलं नसतं! उकिडवं बसल्याने शरीराच्या धमन्यांचा विरोध वाढतो, म्हणून भोकातून तिकडे पळणारं रक्त नाइलाजाने फुप्फुसाकडे वळतं, मुलाला बरं वाटतं. अरुंद वाटेतून जास्त रक्त गेल्याने मर्मर वाढतो. म्हणजे जाड भिंतीच्या हृदयात उकिडवं बसलं की मर्मर घटतो, फॅलोच्या हृदयात वाढतो. एकच बैठक, दोन उलटी उत्तरं, आणि दोन्हींमागचं कारण कागदावर रेघा ओढून दाखवता येतं. याच मुलांना निळं पडण्याचा झटका येतो तेव्हा फुप्फुसाची वाट जवळजवळ बंद होते आणि मर्मर हळू होतो, कधी नाहीसा होतो. त्या क्षणी आवाज गेला म्हणजे धावपळ करायची वेळ आली.

या मुलांसाठी ज्या बाईंनी वाट शोधली, त्यांना नीट ऐकू येत नव्हतं. हेलन टॉसिग! अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये त्या मुलांच्या हृदयाचा दवाखाना चालवत. तिशीत ऐकणं कमी झालं, तशा त्या आवाज मोठा करणारा स्टेथोस्कोप वापरू लागल्या आणि तळहात व बोटं छातीवर ठेवून मर्मरची थरथर वाचू लागल्या. चौथ्या पायरीपासून पुढचा मर्मर हाताला लागतो, हे आम्ही परीक्षेसाठी पाठ करतो. त्या बाई त्यावर निदान करत होत्या. त्यांच्या लक्षात आलं, की काही निळी बाळं जन्मल्यावर तग धरतात आणि मग एकाएकी ढासळतात. नेमकी कधी? तर पोटात असताना महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांना जोडणारी, जन्मानंतर मिटणारी ती छोटी नळी बंद होते तेव्हा. ती उघडी होती तोवर फुप्फुसाला तिच्यातून रक्त मिळत होतं.

ही नळी ज्यांची मिटायची राहून जाते, त्यांचा मर्मर मी त्याच शिबिरात ऐकला. तिसरीतली एक चुणचुणीत मुलगी, डाव्या हंसळीखाली स्टेथोस्कोप ठेवला आणि आवाज थांबेचना. लब गेला, डब गेला, तरी चालूच. महाधमनीतला दाब ठोक्याच्या वेळीही फुप्फुसधमनीपेक्षा जास्त आणि दोन ठोक्यांच्या मधेही जास्त, म्हणून रक्त अखंड तिकडे झरत राहतं. एडिंबराच्या जॉर्ज गिब्सन यांनी १९०० साली या मर्मरचं जे वर्णन केलं, त्यावरून त्याला आजही यंत्राचा मर्मर म्हणतात. १९३८ साली बॉस्टनमध्ये रॉबर्ट ग्रॉस या तरुण सर्जनने सात वर्षांच्या एका मुलीची अशी नळी बांधून टाकली, आणि मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रियांना तिथून चालना मिळाली. आज बहुतेकदा मांडीतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी सरकवून, छाती न उघडता ती वाट बुजवतात. आमच्या तिसरीतल्या मुलीचंही तसंच होणार आहे, सरकारी योजनेतून, पैसे न लागता.

ग्रॉस नळी बांधू शकतात, तर मग नसलेली नळी कुणी तयार का करू नये? टॉसिगबाईंनी हा प्रश्न विचारला. ग्रॉसना त्यात रस वाटला नाही. जॉन्स हॉपकिन्समध्ये आलेल्या आल्फ्रेड ब्लॅलॉक यांना वाटला. ब्लॅलॉक यांचे कृष्णवर्णीय सहकारी विव्हियन थॉमस यांनी प्रयोगशाळेत कुत्र्यांवर ती शस्त्रक्रिया बसवली, आणि २९ नोव्हेंबर १९४४ रोजी एका निळ्या बाळाच्या हाताकडे जाणारी धमनी फुप्फुसधमनीला जोडली गेली. ब्लॅलॉक यांच्या मागे उभे राहून थॉमस सांगत होते. त्यांचं नाव त्या शस्त्रक्रियेला जोडायला जगाने फार वर्षं घेतली, याचा मला संताप येतो. याच टॉसिगबाईंच्या हाताखाली शिकून डॉ. एस. पद्मावती भारतात परतल्या. आपल्या देशातल्या पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ. पन्नासच्या दशकापासून दिल्लीत त्यांनी हृदयरोगाचं काम उभं केलं आणि १०३ वर्षांचं आयुष्य जगून २०२० साली गेल्या. टॉसिगबाईंबद्दल कळल्यापासून मी प्रत्येक मुलाच्या छातीवर आधी तळहात ठेवते, मग स्टेथोस्कोप.

आवाज मोठा म्हणजे आजार मोठा, असं आईबापांना वाटतं. मलाही तेच खरं वाटायचं. पण खालच्या कप्प्यांमधलं भोक लहान असेल तर मर्मर दणदणीत असतो, कारण दाब जास्त आणि वाट बारीक. पॅरिसच्या आंरी रोजे यांनी १८७९ साली हेच लिहून ठेवलंय: आवाज मोठा आणि मूल मात्र धडधाकट. यातली कितीतरी भोकं आपोआप बुजतात. भोक मोठं असेल तर आवाज सौम्य असू शकतो आणि मूल खंगत जातं. अशा मुलाच्या फुप्फुसातला दाब वर्षानुवर्षं चढत गेला, की दोन्ही कप्प्यांचे दाब सारखे होतात आणि मर्मर विरून जातो. घरचे म्हणतात, बरं झालं. प्रत्यक्षात भोक बुजवायची वेळ तोवर निघून गेलेली असते. आणि वरच्या दोन कप्प्यांमधलं भोक तर स्वतः आवाजच करत नाही! तिथे दाब इतका कमी असतो, की रक्त निमूट जातं. तिथली खूण म्हणजे ‘डब’चे दोन तुकडे, जे श्वास घेतला किंवा सोडला तरी एकमेकांपासून तेवढ्याच अंतरावर राहतात. एवढ्या बारीक खुणेवर माणसं निदान करतात, हे मला अजून पुरतं पचलेलं नाही.

शाळेत ऐकू येणारे बहुतेक मर्मर निरुपद्रवी असतात, हेही इथेच सांगायला हवं, नाहीतर घाबरून जाल. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०९ साली वर्णन केलेला, तार छेडल्यासारखा गोड मर्मर कितीतरी निरोगी मुलांत असतो, तापात वाढतो, मोठेपणी जातो. मूल उभं राहिलं की तो हळू होतो किंवा जातो. जाड भिंतीचा मर्मर उभं राहिल्यावर वाढतो, म्हणून तर ‘उभा राहा’ या प्रश्नावर माझा एवढा जीव जडलाय! मानेतल्या शिरांची एक गुणगुणही असते, ती मूल आडवं झालं की गप्प होते. आणखीही प्रश्न आहेत. ‘श्वास आत घे’ म्हटलं की हृदयाच्या उजव्या बाजूचे मर्मर वाढतात. मेक्सिकोच्या रिव्हेरो कार्व्हायो यांनी १९४६ साली हे दाखवलं. ‘मूठ घट्ट आवळ’ म्हटलं की मायट्रल झडपेच्या गळतीचा आवाज चढतो आणि जाड भिंतीचा उतरतो. जोहान्सबर्गच्या जॉन बार्लो यांनी १९६३ साली, लब आणि डबच्या मधे येणारी ‘टिक्’ आणि तिच्यामागून येणारा मर्मर मायट्रल झडपेतूनच येतो हे क्ष-किरणांच्या चित्रफितीवर दाखवून दिलं. तोवर अनेक जाणकार तो आवाज हृदयाबाहेरचा समजून सोडून देत. उभं राहिलं की ती टिक् ‘लब’कडे सरकते. मूल पाठमोरं करून खांद्यांच्या पात्यांमधे ऐकलं, तर महाधमनी पुढे कुठे आवळली गेलीय का तेही कळतं. जांघेतली नाडी त्याच वेळी चाचपायची.

मला अजून किती ऐकायचंय! डाव्या वरच्या कप्प्यात देठाला लटकणारी एक मऊ गाठ असते, तिचा मर्मर माणूस कूस बदलेल तसा बदलतो. महाधमनीच्या मुळाशी असलेला फुगवटा फुटला, की काल नसलेला अखंड मर्मर आज छातीभर होतो. हा प्रकार आपल्या आशियातल्या माणसांत तुलनेने अधिक दिसतो. ब्रेस्लाऊच्या विल्हेल्म एबस्टाइन यांनी १८६६ साली एका तरुण मजुराच्या हृदयात उजवी झडप जागेवरून खाली घसरलेली पाहिली. तिची मोठी पाकळी मिटताना शिडात वारा भरल्यागत फडकते म्हणतात. मॅडमनी मला फोनवर काही ध्वनिफिती पाठवल्यात, त्या मी रात्री हेडफोन लावून, डोळे मिटून ऐकते. पण ध्वनिफितीला ‘उभी राहा’ म्हणता येत नाही. सोमवारी आमच्या गाडीचा दौरा खालच्या आश्रमशाळेचा आहे, नववी-दहावीचे वर्ग. मुख्याध्यापकांना फोन करून शेवटची खोली मागून घेतली आहे, जिथे मैदानावरचा गलका पोचत नाही आणि मुलांना उठबस करायला जागा आहे.